माठाच्या फडक्यातली बाटली

पाण्यात टाकलेली वस्तू विरघळते की नाही, या एकाच चिंतेत जन्म काढलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा! ते उमरग्याला फार्मसी कॉलेजात शिकवायचे. चहात साखर पडली की दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखे कपाकडे बघत बसतात. साखर दिसेनाशी झाली की श्वास सोडतात, तोवर चहा गार. घरात कुणी गोळी घेतली की हे तांब्या घेऊन शेजारी उभे. मी एकदा ढेकर देऊन, गेली पोटात, असं म्हणालो, तर म्हणाले, “पोटात गेली म्हंजी अंगाला लागली असं न्हाय, पावणं. आधी विरघळाय पायजे.” तेव्हापासून साधी डोकेदुखीची गोळी घेतली तरी ती आत खड्यासारखी बसून आहे, अशी मला धास्ती वाटते.

पाण्याला मुळीच दाद न देणाऱ्या एका औषधापायी त्यांची पीएचडी अडली होती. पाण्यात सहज विरघळणाऱ्या एका मेणचट पदार्थाबरोबर ते औषध वितळवायचं, बर्फावर झटकन गार करायचं आणि कुटायचं. ताजी पूड पाण्यात दिसेनाशी व्हायची. पण ऊन किंवा ओल लागली की औषध हळूहळू पुन्हा खडे धरायचं. पूड उन्हाळाभर टिकली तरच गाइड प्रबंध पुढं पाठवणार होते. निवृत्ती तोंडावर आलेली. दारावरच्या नव्या पाटीत नावाआधी ‘डॉ.’पुरती जागा त्यांनी मोकळी सोडून घेतली होती.

एक बाटली कॉलेजातल्या एसीत राहिली. पण विजेचा भरवसा नाही म्हणून जोडीची माझ्याकडं आली. थंड आणि कोरड्या जागी ठेवा, असं त्यांनी बजावलं. मी पडलो जबाबदार माणूस. घरातली सगळ्यात थंड जागा हेरली आणि माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात बाटली खोचली. वर मधूनमधून झाकण काढून वासही घेत होतो. ते जाता-येता दारातूनच, आजारी लेकराची करावी तशी चौकशी करायचे, “बरी हाय न्हवं?” आणि मी छाती फुगवून सांगायचो, गारेगार आहे.

गाइड यायच्या आदल्या दिवशी ते बाटली न्यायला आत आले, फडकं पाहिलं आणि बाटली झटक्यात बाहेर ओढली. मग पेल्यात पाणी घेऊन त्यांनी पूड टाकली, ढवळली. आम्ही दोघं पेल्यावर वाकलो. खडे तळाशी बसले ते बसलेच. तहानेनं मी पेल्याकडं हात नेला, पण ते पाणी प्यायची सोय नव्हती.

कॉलेजातली बाटली चांगली आहे, तीच तेवढी दाखवा, असं मी कळवळून म्हणालो. त्यांनी माठाच्या ओल्या फडक्यावर हात ठेवला.

“आपल्याकडं माणूस औषध ठेवतो कुठं, पावणं? हितंच की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाइडसमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या. प्रबंध राहिला. ते निवृत्तही झाले. तरी कॉलेजच्या परवानगीनं तिथंच नवी पूड कुटतात, आणि यंदाच्या उन्हाळ्यातही एक बाटली माझ्या फडक्यात खोचलेली आहे, या खेपेला त्यांनीच खोचलेली. आता ते काही विचारत नाहीत. पाणी प्यायला उठलो की मीच तिच्याकडं चोरून बघतो, झाकणाला हात न लावता. त्यांच्या घरी गेलो की पाटीवरची धूळ बाहीनं पुसतो. नावाआधीची ती जागा जरा जास्त पुसली जाते.