आधी पाणी, मग भांडण

फोन अवेळी वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. घरचे हसतात, पण स्वभावाला औषध नसतं. त्या सकाळी मी छावणीच्या बाजारात गेले होते आणि पर्समध्ये फोन वाजायला लागला. आमच्या गल्लीतली मीना. "ताई, गोदामावशी उठल्याच नाहीत हो... डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या." मी एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की अन्वीला आता कोण सांगणार?

अन्वी ही मावशींची नात, इंग्लंडात वाढलेली. मावशी माझ्या रक्ताच्या नात्यातल्या नव्हत्या. पुंडलिकनगरात आमची दारं समोरासमोर. त्यांचे यजमान, आमचे काका, वारल्यावर त्या एकट्याच राहायच्या, मुलगा प्रकाश तिकडं. मी घरीच इंग्रजी बोलायला शिकवते. मुलाखतीला जाणाऱ्या मुली येतात, चटईवर बसतात, लाजत लाजत बोलतात. मावशी पहिल्यांदा लेकाकडं जाऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलींच्या मागं येऊन बसल्या. "सुमन, मला उलटं बोलायचं विंग्रजी शिकव," म्हणाल्या. मला वाटलं, सुनेशी बिनसलं.

सुनेशी काही नव्हतं. तिकडच्या दुकानात मावशींना पिशवी भरायला वेळ लागला, तशी रांगेतली मागची बाई काहीतरी फणकारली. मावशींना वाटलं विचारपूस करतेय, म्हणून त्यांनी हसून "थँक्यू" म्हटलं. अन्वीचा चेहरा पडला. घरी गेल्यावर तिनं आईला सांगून टाकलं की मी आजीसोबत बाहेर जाणार नाही. "अपमानाचं काय गं, लई पचवलेत," मावशी म्हणाल्या. "पण झाला त्ये कळाया तर पायजे! लेकरादेखत मी दात काढत हुबी ऱ्हायले." डोळे भरून आले त्यांचे. पुन्हा जायचं होतं, आणि अन्वीनं आपणहून हात धरून बाहेर न्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शिकवणी सुरू झाली. 'रूड' म्हणजे काय ते मी सांगितलं, तर मावशींचे प्रश्न संपेनात. उद्धट, आगाऊ, खवचट, तुसडा, मुजोर... एवढ्या सगळ्यांना मिळून एकच शब्द? "मग त्यांच्यात भांडायची मजा काय ऱ्हायली?" मुली खो खो हसल्या. पण सरावाची वेळ आली की माझीच पंचाईत. वाईट बोलणारं माणूस मी व्हायचं आणि मावशींनी उत्तर द्यायचं. आता आईच्या वयाच्या बाईला मी काय टाकून बोलणार? माझा आवाज निघेना, तर त्याच ओरडल्या, "बोल की गं वंगाळ, जीव लावून बोल!" मी कशीबशी बोलले. मावशी उठल्या, कोपऱ्यातून फुलपात्रात पाणी आणून माझ्यापुढं धरलं आणि मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "दॅट वॉज रूड. प्लीज से इट अगेन, नाइसली."

हे पाणी काही सुटेना. त्यांच्या सासूची शिकवण होती, दारात दुश्मन आला तरी आधी पाणी विचारायचं, मग काय भांडायचं ते भांडायचं. मी परोपरीनं सांगितलं, "मावशी, तिकडं अनोळखी माणसापुढं पाणी धरू नका. लोक घाबरतील, पोलिसांना बोलावतील." तर म्हणाल्या, "तहानल्या माणसाचं डोकं फिरलेलं आसतंय. पाणी पिऊन भांडला तर समजायचं, खरंच भांडायचंय त्याला." मुकुंदवाडीच्या भाजीवाल्यावर त्यांनी सराव केला. "घ्यायचं तर घ्या, नायतर चला पुढं," असं तो म्हणाला, तर मावशींनी पिशवीतली बाटली काढून त्याच्यापुढं धरली. तो "क्या हुआ मावशी, तबियत ठीक है ना?" म्हणत स्वतःच उठून त्यांना स्टूल द्यायला लागला. सगळा बाजार बघतोय आणि मी शरमेनं अर्धी!

त्या दुसऱ्यांदा लेकाकडं गेल्या आणि माझी झोप उडाली. नको तिथं नको ते वाक्य बोलल्या तर? शिकवलं कुणी, तर सुमननं! एका संध्याकाळी फोन आला. पलीकडून मावशी घाईघाईनं सांगायला लागल्या. बागेत अन्वीचा धक्का लागला म्हणून एक माणूस तिच्यावर खेकसला होता. "मग?" मी विचारलं. मग काय, मावशींनी आधी बाटली पुढं केली. तो नुसता बघतच राहिला. मग म्हणाल्या, "शी इज अ चाइल्ड. दॅट वॉज रूड. प्लीज से इट अगेन, नाइसली." त्यानं माफी मागितली का? छे! पुटपुटत निघून गेला. "पण सुमन... घरापस्तोर पोरीनं हात सोडला नाय."

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मावशींचे धाकटे दीर, गावाकडचे आबा, कुणाशी न बोलता कोपऱ्यात बसून होते. प्रकाश पाया पडायला वाकला आणि आबा कडाडले, "आता आला व्हय? माय पाण्याविना गेली तुझी. शेवटचा घोट पाजाया घरात कुणी नव्हतं!" प्रकाशचा चेहरा पांढरा पडला, त्याला मान वर करता येईना. आता भावकीत कायमचं तुटणार, या भीतीनं मी भिंत धरली. कुणीतरी बोला, असं वाटत होतं. पण आबांपुढं बोलणार कोण?

अन्वी उठली. दाराशी मावशींचा तांब्या भरलेला असायचा, तो त्या दिवशीही होता. तिनं फुलपात्र भरलं आणि आबांपुढं जाऊन उभी राहिली. थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. "आबा, आधी पाणी घ्या." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग घेतलं. पूर्ण प्यायले. मग ती अडखळत, एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "तुम्ही बाबांशी... बरोबर नाही बोललात. परत सांगा. नीट सांगा."

मी डोळेच मिटले. म्हातारा आता भांडं भिरकावतोय, असं वाटलं. पण ऐकू आलं ते वेगळंच. "पोरा..." आबांचा आवाज फुटला होता. "माझी वैनी गेली रे. लेकरावानी सांभाळलं तिनं मला... शेवटाला म्या बी नव्हतो." आणि इतके दिवस दगडासारखा वावरणारा प्रकाश त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

जाताना अन्वीनं तो तांब्या माझ्या हातात दिला. तो आता माझ्या वर्गात चटईशेजारी असतो, रोज सकाळी मी भरून ठेवते. काळजी काही गेलेली नाही माझी, ती माझ्याबरोबरच जाईल. फोन अवेळी वाजला की पोटात गोळा अजून येतोच. पण हल्ली मी उचलण्याआधी तांब्यातलं घोटभर पाणी पिते.