धाकटीच्या वाटीतला मऊ भात

माझी धाकटी बहीण फरीदाबादला एका कारखान्यात इंजिनियर आहे. रविवारी ती आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये यायची. पोळ्या करायची, सगळ्यांना आग्रहानं वाढायची, आणि स्वतः मात्र खाऊन आलेय म्हणत नुसत्या चहावर बसायची. दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. कारखान्यात सगळे तिच्या बारीक होण्याचं कौतुक करतात, हेही तिनंच सांगितलं.

एका रविवारी पोळी लाटता लाटता ती ओट्यापाशीच कोसळली. माझ्या नवऱ्यानं उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलात कळलं, रक्तातली साखर आणि पोटॅशियम फार उतरलंय, हृदयाचे ठोकेही चुकतायत. ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरीणबाई समोरच होत्या. बहिणीनं माझा हात घट्ट धरला आणि छताकडे बघत म्हणाली, "ताई, मी रोज पिते. त्यानं जाड होईन म्हणून जेवत नाही. जेवलेच तर उलटी काढते."

मी तिचे केस मागे सारत राहिले. मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आजपासून दारू बंद, आणि घरी नेऊन मी हिला पोटभर खाऊ घालते.

"दोनों में जल्दी मत कीजिए," त्या म्हणाल्या. रोजची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर तेही जिवावर बेतू शकतं. शिवाय एक आजार दुसऱ्याला बळ देतो, म्हणून उपचार दोन्हींवर एकत्रच हवेत.

काही दिवस तिथंच ठेवून त्यांनी तिला सावरलं. मग ती आमच्याकडे राहायला आली. सुरुवातीला वाटीभर मऊ भात, तोही डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. माझा नवरा आग्रहासाठी प्रसिद्ध, पण तो तिच्या शेजारी बसून आपल्या ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करायचा, ताटाकडे बघायचाही नाही. ती कधी चिडायची, कधी घास तोंडात धरून रडायची. एकदा पिऊनही आली आणि खालूनच फोन केला, वर यायची लाज वाटते म्हणून. नवरा जिना उतरून गेला. "आलीस ना घरी, चल," एवढंच म्हणाला.

उपचार अजून चालू आहेत. काही दिवस वाईट जातात. पण ती कामावर जाते, आणि परवा नवऱ्याच्या ताटातलं कांदाभजं तिनं गुपचूप उचललं. त्यानं पाहिलं, आणि ताट थोडं तिच्याकडे सरकवलं.