मालिकेत वारलेले शेजारी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आमच्या शेजारी लेकीकडे राहणारे इंग्रज आजोबा रोज दुपारी चहाला येतात आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईबरोबर मराठी मालिका बघतात. भाषा कळत नाही, पण पडद्यावरचा फोन वाजायच्या आधीच ते फोनकडे बघतात. इंग्लंडातल्या एका मालिकेत ते वर्षानुवर्षं पबचे मालक होते. एक दिवस लेखकांनी त्यांना ट्रकखाली घातलं आणि काम संपलं.

परवा मालिकेतल्या सासऱ्यांच्या फोटोला हार चढला. आजोबांनी "हे काय?" विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पबमधला स्वतःचाच जुना फोटो घेऊन आले.

"यालाही घाला. हा मेला तेव्हा कुणी काहीच केलं नाही. लगेच लंच ब्रेक झाला."

मी आईला मराठीत सांगितल्यावर ती ओरडलीच, "अहो, जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो!"

तिने फोटो बाजूला ठेवला. बागेतल्या झेंडूचा हार ओवून त्यांच्याच गळ्यात घातला, खांद्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि मला म्हणाली, "बघतोस काय? टाळ्या वाजव."

मी वाजवल्या. आजोबा नाटक संपल्यावर नट वाकतात तसे वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.