प्रचाराला आलेल्या आजी

मंडळी, आज दुपारी चक्क आमच्या घराची बेल वाजली! इथे टेक्ससमधल्या प्लेनोत डिलिव्हरीवालेसुद्धा बॉक्स ठेवून पळतात, म्हणून मी धावतच दार उघडलं.

निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या एक अमेरिकन आजी होत्या, उन्हाने लाल झालेल्या. "शाळांच्या फंडिंगबद्दल तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मला काय वाटतं! अहो, नागपूरला आमच्या घरी राजकारणावर भांडल्याशिवाय जेवण उरकत नसे. इथे ऑफिसच्या कॉलवर हवामानापलीकडे कुणी बोलत नाही, आणि नवरा आठवडाभर टूरवर. मी सुटलेच. बोलता बोलता म्हटलं, "आत या ना, चहा टाकते."

त्या आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की मी व्हिसावर आहे, मला व्होट करता येत नाही.

"ओह हनी, हॅव अ गुड डे," म्हणत आजी हसल्या आणि शेजारच्या घराकडे वळल्या. शाळांबद्दलचं माझं अर्धं बोलणं राहिलंच.

पुढच्या वेळीही खोटं बोलणार नाही. पण व्हिसाचं चहा पिऊन झाल्यावर सांगेन. चालेल ना?