लाभ, दोन, तीन

माझी वहिनी कल्याणी नोटा मोजताना 'एक' कधी म्हणाली नाही. तिची सुरुवात 'लाभ'ने व्हायची. लाभ, दोन, तीन, चार. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या घोड्यांवर पैसे लावायच्या ज्या बेटिंग शॉपच्या काचेमागे आम्ही दोघी नणंद-भावजया बसायचो, तिथल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनाही हे पाठ झालं होतं. काचेखालच्या फटीतून नोटा सरकवताना ते 'लाब, लाब' करून तिला चिडवायचे आणि ती गालातल्या गालात हसत मोजत राहायची.

शब्द तिच्या आजीचा, गयाबाईचा. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी खळ्यावर धान्य मोजताना पाटील पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचा. गयाबाई पदर पसरून कडेला उभी. मापं सगळी पाटलाच्या पोत्यात जायची आणि उरलेलं मातेरं हिच्या पदरात पडायचं. पुढे सगळी वस्ती धम्मात आली. गयाबाईने घरातले देव नदीत सोडून दिले, पण हा शब्द मात्र खळ्यावरून उचलून घरी आणला. आपल्या घरात दोन कांदे मोजायचे तरी लाभनेच, असा तिचा हुकूम होता. 'एक' म्हणायची मुभा फक्त सरणाची लाकडं मोजताना.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील भीमराव, दर रविवारी विहारात घसा कोरडा करून सांगायचे की भूत, नजर, शकुन सगळं झूट आहे. मी त्यांचीच मुलगी. वहिनीला म्हणायचे, देव सोडले आणि लाभ धरून बसलात, हे कसलं तुमचं? ती म्हणायची, "तो शकुन नाही गं, ती वसुली आहे." यावर मी चहा करायला उठायचे.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात मिस्टर गॅफनी यायला लागले. उंच, वाकलेले, आयरिश, कोटाची बटणं नेहमी गळ्यापर्यंत लावलेली. पहिल्या शनिवारी त्यांनी वीस पाउंडांच्या नोटांचं शंभराचं बंडल फटीतून आत सरकवलं आणि ज्याच्या जिंकण्याची काडीची आशा नव्हती असा घोडा सांगितला. एवढी मोठी रोख बेट घ्यायची म्हणजे आधी हेड ऑफिसला फोन करायचा, मग शर्यत सुटायच्या आत सगळी रक्कम मोजून व्हायला हवी. मी फोन धरला, वहिनीने बंडल सोडलं आणि लगेच हात मागे घेतला. म्हणाली, "सुनीती, हात लावून बघ." नोटा थंडगार होत्या, फ्रीजरमधून काढलेल्या मटारासारख्या. हीटर पायाशीच चालू होता.

ती लाभ, दोन, तीन करत मोजत होती आणि काचेपलीकडे गॅफनींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. पुढे पुढे आवाजही यायला लागला. तीनला ते 'टीन' म्हणायचे. वहिनीने शंभरावर थांबून बंडलाला रबर लावलं, तरी पलीकडे मोजणी थोडा वेळ चालूच राहायची. ते ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, आणि अंगावर काटा आला म्हणून मला माझाच राग यायचा.

त्यांचे पैसे जातच नसत. पहिल्या वेळी घोडा सुरुवातीलाच लंगडला, त्याला शर्यतीतून काढलं, पैसे परत. दुसऱ्या शनिवारी मैदान गोठलं म्हणून शर्यतच रद्द, पैसे परत. तिसऱ्या वेळी हेड ऑफिसने शंभरच पाउंड घेऊ दिले, चाळीसपट भावाने, तर पुढचे चार घोडे एकमेकांवर आदळून पडले आणि गॅफनींचं मरतुकडं घोडं एकटंच रमतगमत पोचलं. दुकानात टाळ्या पडल्या. गॅफनी टीव्हीकडे बघत भिंतीला टेकले, घरून वाईट बातमी आल्यासारखे.

त्याहून विचित्र गोष्ट एका नोटेची. तिच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता. गॅफनींच्या बंडलातली ती नोट वहिनीने स्वतः बँकेच्या थैलीत घालून सील केली होती, मी बघितलं होतं. पुढच्या शनिवारी त्यांच्या बंडलात ती पुन्हा वरच होती, तशीच गार. बँकेतून फिरून त्यांच्याकडे आली असेल, मी म्हटलं. असेलही. वहिनीने मान हलवली, पण त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही.

जानेवारीत एका दुपारी दुकान रिकामं असताना गॅफनी काचेशी आले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांचा मुलगा डेक्लन सतरा वर्षांचा, बांधकामावर शिकाऊ होता. परांचीवरून पडून गेला. त्याची भरपाई म्हणून दहा हजार पाउंड आले. बायको आधीच गेलेली. ते पैसे डेक्लनच्या खोलीत होते आणि त्या खोलीतला हीटर तेव्हापासून बंद होता. मी जरा फटकळपणेच विचारलं, मग दान का नाही करत? केलं होतं, ते म्हणाले. त्या संस्थेचं आभाराचं पत्र आलं, वर डेक्लनचं नाव. ते वाचून त्यांनी पैसे परत मागवले. त्याच्या मरणाबद्दल त्यांना कोणाचे आभार नको होते. त्या पैशांतून कोणाचंच काही भलं व्हायला नको होतं. पैसे नुसते जायला हवे होते, म्हणजे मग त्यांना झोप लागली असती. आणि ते तर वाढून चौदा हजार झाले होते.

मग ते वहिनीकडे वळले आणि म्हणाले, तुझ्या त्या शब्दाने होतंय हे. एकदा तरी साधं 'वन' म्हणून मोज.

वहिनी पांढरीफटक पडली. तिने त्यांना इंग्लिशमध्ये गयाबाईचं सांगितलं, सरणाचंही सांगितलं. 'एक' म्हणून मी फक्त जळण मोजेन, जिवंत माणसाचा पैसा नाही, म्हणाली.

गॅफनींनी काचेखालच्या फटीवर हात ठेवला. "मग बरोबर आहे, लव्ह," ते म्हणाले. "लाकडंच आहेत ती."

पुढचा आठवडाभर वहिनी घरात वेड्यासारखी वागली. भाजीत मीठ दोनदा, दादांच्या गोळ्या काढून द्यायच्या तर डबी हातात घेऊन नुसती उभी. शेवटी मी वैतागले. म्हटलं, वहिनी, एक हा आकडा आहे, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? ती म्हणाली, "मी एक म्हटलं आणि खरंच गेलं सगळं, तर मग त्यांना धरून ठेवायला काय उरेल?" मला तेव्हा ते कळलं नाही. पैसे गेले की म्हातारा सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शनिवारी गॅफनींनी सगळेच्या सगळे आणले. सात बंडलं. एवढ्या रकमेवर हेड ऑफिस बेभरवशाचा घोडा घ्यायला तयार होईना. घ्यायचा तर फेव्हरिट घ्या, म्हणाले. म्हणजे ज्याला हरायचं होतं त्याने त्या दिवशीच्या सगळ्यांत खात्रीच्या घोड्यावर पैसे लावले. घोडे सुरुवातीच्या रेषेशी गोल फिरत होते. वहिनीने पहिल्या बंडलाचं रबर काढलं. गॅफनींनी टोपी काढली, स्मशानात काढतात तशी.

"एक," वहिनी म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. जाड, म्हातारा, गावाकडचा होता. तिचा घसा बसला असणार, मी स्वतःला सांगितलं. ती मोजत गेली, आणि या वेळी गॅफनींचे ओठ हलले नाहीत. घोडे सुटायच्या आत सातवं बंडल संपलं. मी शेवटच्या गठ्ठ्याला हात लावला तर तो कोमट होता.

फेव्हरिट उडी मारायच्या शेवटच्या कुंपणापर्यंत पुढे होता. तिथे त्याच्या आसपास कोणी नव्हतं, जमीन सपाट होती, आणि तो थांबला. पडला नाही, बुजला नाही. नुसता थांबला आणि मान वळवून मागे बघत राहिला. बाकीचे त्याच्या बाजूने निघून गेले. गॅफनींनी बेटच्या चिठ्ठीची घडी करून बिनमध्ये टाकली, काचेशी येऊन वहिनीचे आभार मानले आणि कोटाची वरची दोन बटणं काढत बाहेर पडले. इतके हलके चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी शेजारणीला ते डेक्लनच्या पलंगावर सापडले. झोपेतच गेले होते. खोलीतला हीटर चालू होता. दुकानात ही बातमी आली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "मी मोजली ना लाकडं." मी तिला जवळ घेतलं. तिची समजूत घालायला माझ्याकडे पुष्कळ शास्त्रशुद्ध गोष्टी होत्या, पण मीच रडायला लागले.

नातेवाईक कोणी नव्हते, पैसाही उरला नव्हता, म्हणून शहराच्या कौन्सिलने स्वतःच्या खर्चाने क्रेमेटोरियममध्ये सकाळची पहिली वेळ घेतली. आम्ही दोघी गेलो. बाकी सगळी बाकं रिकामी. फादरने घाईघाईने प्रार्थना म्हटली आणि तो बाजूच्या दाराने निघून गेला. शवपेटी अजून समोरच होती. वहिनीने मागे वळून बाकांवर नजर फिरवली आणि, आयुष्यभराची सवय, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुटपुटली, "लाभ." मग माझ्या हातावर बोट ठेवलं. "दोन."

"टीन," समोरून आवाज आला.

वहिनीने माझा हात घट्ट धरला. शवपेटीपुढे पडदा सरकला.

बाहेर कौन्सिलची बाई छत्री धरून उभी होती. तिने विचारलं, फादर सोडून आत किती जण होतात? वहिनीने माझ्याकडे पाहिलं. भूत नसतं, हे मी दादांकडून शिकले आहे आणि उद्या कोणी विचारलं तरी तेच सांगेन.

"तीन," मी म्हटलं.