सातव्या नंबरचा सलामीवीर

पाणीखात्याच्या पंपघरात व्हॉल्व्ह उघडण्याचं काम तो करायचा, पण ऑफिसात त्याला सगळे ‘सलामी’ म्हणत. एकोणीस वर्षं खात्याच्या टीमचा पहिला चेंडू त्यानंच खेळला होता. धावा फार नसत. नवा चेंडू जुना करून द्यायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो इमानानं करी. दहा ओव्हरी उभा राहायचा, ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडायचा, बारा-पंधरा धावा करून घाम पुसत परत यायचा.

यंदा सामने चाळीसचे वीस ओव्हरींचे झाले आणि कप्तानी धाकट्या इंजिनिअरकडे आली. तो पंपघरात येऊन स्टुलावर बसला आणि आढेवेढे न घेता म्हणाला, “काका, यंदा सलामीला स्टोअरवाला जाईल. तुम्ही सातवे.”

“त्याला सरळ बॅट धरता येत नाही, साहेब.”

“आडवी धरतो, पण चेंडू कुंपणाबाहेर जातो ना! आता सलामीला वेगळा माणूस लागतच नाही. जो मारेल तो पुढे.”

“पाइपात पाणी एकदम सोडलं तर काय होतं, तुम्हाला माहीत आहे.”

“पाइप फुटतो. पण काका, इथं पाइप फुटला तरी चालतो. वीसच ओव्हरी आहेत.”

घरी बायको म्हणाली, “अकरात आहात ना? मग नंबराचं काय घेऊन बसलात? रेशनच्या रांगेत सातवा नंबर लागला तर खूश होता.”

अकरात असण्याची त्याला कधी फिकीर नव्हतीच. पहिला चेंडू आपला असावा, एवढंच होतं.

रविवारी स्टोअरवाल्यानं खरंच अठ्ठावीस चेंडूंत पन्नास ठोकल्या. सलामी पॅड बांधून बाकावर बसून होता. इतका वेळ बसायची सवय नसल्यामुळे त्याचे पाय आखडले. दोनदा उठून तो पाणी प्यायला आणि त्यानं देवाचं नाव घेतलं.

शेवटच्या ओव्हरीत पाचवी विकेट पडली तेव्हा जिंकायला चार चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. सलामी आत गेला. त्यानं गार्ड घेतला, चहूकडे फील्डिंग पाहिली, क्रीजवरची माती बॅटनं ठोकली. चेंडू ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेर आला. त्यानं बॅट वर उचलली आणि अगदी सुबकपणे तो सोडून दिला.

मग स्टोअरवाला बाकावरून ओरडला, “अहो काका, तो चेंडू मारायचा होता!”

सलामीच्या तेव्हा लक्षात आलं. पुढच्या तीन चेंडूंवर त्यानं चार, दोन आणि एक अशा धावा काढल्या. टीम एका धावेनं हरली.

तंबूत कोणी त्याला बोललं नाही. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं त्यानं घरी सांगितलं. बायकोनं ताट वाढलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

सोमवारी कप्तान पुन्हा पंपघरात आला. खिशातून पुढच्या सामन्याची यादी काढून गुडघ्यावर पसरली, पण बोलायला सुरुवात होईना.

“सातवाच ना?” सलामीनं विचारलं.

“हो. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर.”

“साहेब, हात ऐकत नाही. पहिला चेंडू दिसला की तो सोडतोच. पुढच्या वेळीही सोडेल. माझं नाव काढा.”

“असं कसं, काका? एकोणीस वर्षं...”

“काढा म्हणतोय ना.”

कप्तानानं आणखी एकदा ‘नको हो’ म्हटलं, पण त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला सलामीला दिसला. त्याचा त्याला राग आला नाही. पोरगं खोटं बोलण्यात कच्चं होतं, इतकंच.

कप्तानानं पेन काढलं. कागदावर दोनदा ओढलं, पण ते उमटेना. सलामीनं आपल्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून त्याच्या हातात दिलं.