आमच्या व्याह्यांचे शून्य

विघ्नांचे हरण करणाऱ्या, आणि समोर उभे असलेले विघ्न ज्यांना दिसतच नाही अशा भाबड्या जीवांनाही सांभाळून घेणाऱ्या मंगलमूर्तीला प्रथम वंदन करतो. लखनौतील आमच्या लहानशा मराठी मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा निघत आहे आणि माझे व्याही सेवानिवृत्त होऊन नुकतेच मिरजेस कायमचे परतले आहेत. तेव्हा त्यांच्याविषयी मी काही लिहावे अशी मंडळाची आज्ञा झाली. व्याह्यांविषयी लिहिणे हे काम अवघड. ज्या घरी आपली लेक नांदते त्या घराविषयी बोलताना जीभ आपोआप लवते. तथापि सत्याला स्मरून सांगतो की, माझे व्याही जोवर विद्यापीठाचे मुख्य कुलानुशासक, म्हणजे मुले ज्यांना प्रॉक्टरसाहेब म्हणतात ते होते, तोवर त्या विद्यापीठात एकही गुन्हा घडला नाही. जे रामराज्यातही पूर्णपणे साधले नव्हते, ते गोमतीच्या काठी त्यांनी एकट्याने साधले होते.

ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. माझी शाळिग्रामावर जितकी श्रद्धा, तितकी त्यांची शून्यावर. वर्षअखेरीस परिसरातील गुन्ह्यांचे विवरण वर पाठवावे लागे. त्यात चोरी, मारामारी, छेडछाड असे रकाने असत आणि प्रत्येक रकान्यात व्याही स्वहस्ते एक वाटोळे, घाटदार शून्य काढीत. शून्य किंचित लंबगोल झाले तर कागद बदलीत. एकदा तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "शास्त्रीबुवा, पाहा. याला आदि नाही, अंत नाही. थेट तुमच्या ब्रह्मासारखं!" मी हात जोडले. ब्रह्माचा उल्लेख झाला की हात जोडण्याची मला जुनी सवय आहे.

याचा अर्थ विद्यापीठात काही होत नसे असा मात्र नव्हे. तो काळ नव्या शतकाचा आरंभीचा. मुलांच्या हाती मोबाइल नुकते आले होते आणि हातचे जातही होते. परंतु जे काही घडे त्याला गुन्ह्याव्यतिरिक्त दुसरे एखादे सज्जन कारण असणारच, असा व्याह्यांचा सिद्धान्त होता. बलियाकडचा एक विद्यार्थी सायकल चोरीला गेली म्हणून आला आणि तुटलेले कुलूप पुढे करून म्हणाला, "सर, ताला टूटा हुआ है." व्याह्यांनी कुलूप चष्म्याशी नेऊन निरखले आणि अत्यंत मायेने म्हणाले, "लोहा पुराना होगा, बेटा." एकदा आम्ही त्यांच्या बंगल्याच्या ओसरीत बसलो असता दोन वसतिगृहांच्या मधून गावठी पिस्तुलाचा बार ऐकू आला. "बारात असेल," व्याही म्हणाले. दिवस पितृपक्षाचे होते. पितृपक्षात लग्ने लागत नाहीत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मग नास्तिकांची असेल."

त्यांच्या कार्यालयाबाहेर तक्रारपेटी होती. तिच्या फटीतून बुलबुलाने आत घरटे केले, तेव्हा व्याह्यांनी पेटीवर सूचना लावविली की आत पिल्ले आहेत, सबब कागद टाकून जीवहत्येचे पाप घेऊ नये. पिल्ले मोठी होऊन उडून गेली तरी सूचना राहिली, कारण बुलबुल पुढच्या वर्षी परत येतो असे त्यांनी कुठेसे वाचले होते. पुढे शासनाकडून कॅमेरे आले. व्याह्यांनी ते उभे राहून बसवून घेतले: काही गुलाबाच्या ताटव्याकडे, काही कुलगुरूंच्या पोर्चकडे आणि उरलेला एक आकाशाकडे, ढगांसाठी. सायकलींच्या तळाकडे एखादा का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, यंत्रालाही संस्कार लागतात. वाईट दाखवलं की ते वाईटच टिपणार." आणि कळस म्हणजे, त्यांची स्वतःची स्कूटर त्यांच्याच कार्यालयाच्या पायरीपासून नाहीशी झाली, तेव्हा ते दुसऱ्या दिवसापासून पायी हिंडू लागले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," असे सर्वांना सांगत. मात्र हाताच्या सवयीने हेल्मेट बरोबर नेत. कित्येक महिने तो सत्पुरुष हेल्मेट काखेत घेऊन परिसरात पदयात्रा करीत होता आणि पहारेकरी गंभीर चेहऱ्याने त्यांना सलाम ठोकीत होते.

परंतु शून्य केवळ सिद्धान्ताने टिकत नाही. त्याला साधनाही लागते. व्याह्यांची साधना म्हणजे फराळ. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते कार्यालयात कधीच भेटत नसत. "घरी ये, निवांत बोलू," म्हणत. घरी आमच्या विहीणबाई. त्यांच्या हातच्या बेसनलाडवाविषयी मी अधिक लिहिणार नाही, कारण उद्या चतुर्थीचा उपास आहे. तक्रारदार रागाने धुमसत येई. व्याही म्हणत, "पहले कुछ खा लीजिए. खाली पेट आदमी ग़ुस्सा बोलता है." पहिल्या लाडवाला त्याचा आवाज उतरे. दुसऱ्याला गावाकडच्या आईची आठवण निघे. मग चिवडा, मग आले घातलेला चहा. शेवटी तो विहीणबाईंच्या पाया पडून, खिशात एक लाडू घेऊन जाई, आणि तक्रार बशीतल्या चुऱ्याबरोबर अंगणातल्या चिमण्यांच्या वाट्याला जाई. "पाहा," विहीणबाई मला कौतुकाने सांगत, "पोरं कुठून कुठून येतात हो माझ्या हातचं खायला! परमुलखात एवढी माया कोण लावतं?" व्याही अशा वेळी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरीत.

असे सर्व सुरळीत चालले असता विद्यापीठात सुरक्षित परिसराच्या सन्मानाची वार्ता आली. पाहणीसाठी समिती येणार होती. शून्य टिकले तर मानपत्र, शाल आणि बहुधा अधिष्ठातापद. व्याह्यांनी ती शाल मनाने पांघरलीही होती. समितीच्या आदल्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे नातवाच्या मुंजीचा मुहूर्त घेऊन गेलो होतो. समितीसाठी तयार केलेले वर्षाचे विवरण आणि कोरे कागद त्यांच्यापुढेच होते. पंचांग उघडतो न उघडतो तोच दारात एक मुलगी उभी राहिली. वडील हवाई दलात, घर मूळचे नगरकडचे. ही इथे वसतिगृहात राहून एम.एस्सी. करीत होती. मराठी तिला सारे समजे, पण बोलताना हिंदी आधी येई.

"ये, ये, बैस," व्याही म्हणाले. "अहो, ऐकलंत का? मुलगी आलीय."

विहीणबाई ताट घेऊन आल्याच. मुलगी उभीच होती. "नहीं काकू, आज नहीं."

"उपास आहे होय? मग खिचडी टाकते साबुदाण्याची. भिजलेला आहे."

"उपास नाहीये, काकू. पहले रिपोर्ट, फिर लाडू." तिने ओढणीचे टोक मुठीत आवळून धरले होते. "हॉस्टेलच्या मुलींनी मला सांगूनच पाठवलंय. प्रॉक्टर सर के घर कुछ खाना मत. जिसने खाया, उसका केस गया."

आत कुकरने शिट्टी दिली. विहीणबाईंच्या हातातले ताट किंचित कलंडले. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, ही काय म्हणतेय?"

"काही नाही हो. मुलांच्या गमती."

"गमती नाहीत. माझ्याकडे बघा. इतकी वर्षं ही पोरं माझ्याकडे मायेनं यायची असं मी समजत होते. तुम्ही त्यांची तोंडं बंद करायला माझ्याकडून लाडू वळून घेत होतात?"

व्याह्यांनी उत्तरासाठी वर्तमानपत्र शोधले. ते माझ्या पंचांगाखाली होते. विहीणबाईंनी ताट आत नेऊन ठेवले, परत आल्या, मुलीला हाताला धरून झोपाळ्यावर बसवले आणि स्वतः शेजारी बसल्या. "सांग बाळ. पहिल्यापासून सांग."

मुलीने सांगितले. ग्रंथालयाकडून मुलींच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे नव्हते. तिन्हीसांजेला तिघे मुलगे मोटारसायकल आडवी घालीत. आधी नुसते बोलत. परवा एकाने हात धरला होता. ती हिसका देऊन पळाली, ओढणी त्याच्या हाती राहिली. वडिलांची जोरहाटला बदली झाली होती. ते म्हणाले होते, विद्यापीठ लिहून घेत असेल तर राहा; घेत नसेल तर नाव काढून बरोबर चल. "काका, माझं एकच सेमिस्टर राहिलंय. मला जायचं नाहीये. पण पापा बोलते हैं, जहाँ कोई लिखता नहीं, वहाँ कोई बचाता भी नहीं."

व्याही कपाळ पुसू लागले. "हे पाहा, पुढच्या आठवड्यात समिती येतेय. ती जाऊ दे, मग मी स्वतः..."

"समितीला या घरातून चहासुद्धा मिळणार नाही," विहीणबाई म्हणाल्या.

तेव्हा बुडत्या माणसाने काठाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, तुम्ही तरी सांगा. शास्त्र काय म्हणतं?"

व्याह्याला उपदेश करणे शिष्टसंमत नाही. मी पंचांग मिटले आणि म्हणालो, "शास्त्र मी घरी जाऊन पाहीन. तूर्त कागद आपल्यापुढे आहे."

त्यांनी लेखणी उघडली. पहिला प्रयत्न त्यांनी 'मार्गावर उद्भवलेला गैरसमज' असा केला. मुलगी वाकून पाहत होती. "नहीं सर. हाथ पकड़ा, तो हाथ पकड़ा लिखिए." त्यांनी खोडले. मग 'अज्ञात व्यक्ती' लिहिले. "अज्ञात नाहीत सर, बाइक का नंबर है मेरे पास. उसके चाचा का फ़ोटो आपके गेट पर लगा है." बंगल्यासमोरच्या विद्यापीठाच्या फाटकावर स्थानिक नेत्याच्या शुभेच्छांचा फलक होता हे खरे. व्याह्यांनी ओसरीतून त्या फाटकाकडे एकदा पाहिले. नंतर खाली मान घालून त्यांनी सर्व लिहिले, जसे घडले तसे. आणि विवरणातील चोरी, मारामारी यांच्या खालच्या रकान्यातल्या त्या घाटदार शून्यावर एक उभी रेघ मारली. मी त्यांचा चेहरा पाहिला. एखाद्या भाविकाच्या हातून देव्हाऱ्यातली मूर्ती निसटावी तसा तो झाला होता. परंतु रेघ सरळ होती. त्याच संध्याकाळी मुलीला आणि विहीणबाईंना बरोबर घेऊन ते ठाण्यात गेले, आणि तिथल्या शिपायाने "पहले चाय लीजिए, प्रोफेसर साहब" म्हणताच, मला विहीणबाईंनी सांगितले, ते असे दचकले की खुर्ची मागे सरकली.

यानंतर जे झाले ते गणितज्ञालाच शोभणारे. शून्य मोडले की पुढे मोजावेच लागते, हे त्यांना कळले, आणि मोजायचे तर ते नीट मोजावे, हा त्यांचा स्वभाव. वसतिगृहांत बातमी पसरली की प्रॉक्टरसाहेब लिहून घेताहेत. दुसऱ्या दिवशी कार्यालयापुढे रांग लागली. सायकली आल्या, मोबाइल आले, मेसच्या पातेल्यांपासून प्रयोगशाळेच्या तराजूपर्यंत सारे आले. व्याह्यांनी प्रत्येकाचे लिहिले आणि सरतेशेवटी स्वतःच रांगेत उभे राहून, स्वतःच्याच हाताने, स्कूटरही लिहिली. कुलगुरूंनी त्यांना बोलावून घेतले. "प्रोफेसर साहब, यह क्या! एक हफ़्ते में यूनिवर्सिटी में अपराध की बाढ़ आ गई!" व्याही त्या पुराला न डगमगता म्हणाले, "बाढ़ पुरानी है, सर. नापना अब शुरू किया है."

समिती आली, पाहून गेली. सन्मान शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेला मिळाला, जिथे त्या वर्षी काहीही घडले नव्हते. व्याह्यांना प्रॉक्टरपदाच्या अतिरिक्त कार्यभारातून सन्मानपूर्वक मुक्त करण्यात आले. पत्रात त्यांच्या प्रकृतीची काळजी व्यक्त केली होती. नेत्याच्या पुतण्याला एका वर्षासाठी काढले, त्याच्या सोबत्यांना वसतिगृहाबाहेर घातले, आणि त्या रस्त्यावर दिवे लागले, ते मात्र बरेच उशिरा, पुष्कळ अर्ज केल्यावर. मुलगी जोरहाटला गेली नाही. तिचे सेमिस्टर पुरे झाले.

दिवे लागेपर्यंतचे दिवस कसे गेले हे मला ठाऊक आहे, कारण त्या काळात व्याही रोज तिन्हीसांजेला फिरायला म्हणून बाहेर पडत आणि ग्रंथालयाच्या वळणावरल्या कडुनिंबाखाली उभे राहत. पद नव्हते, शिट्टी नव्हती, बरोबर पहारेकरी नव्हता. काठीवर दोन्ही हात ठेवून एक वृद्ध गणितज्ञ नुसता उभा असे. ती मुलगी जाताना "गुड इवनिंग, सर" म्हणे. ते मान हलवीत आणि ती फाटकाच्या आत जाईपर्यंत पाहत राहत. पुढे ती उत्तीर्ण होऊन निघून गेली, तरी त्यांचे उभे राहणे चालूच राहिले. एकदा मी म्हणालो, "आता तर दिवे आलेत." ते म्हणाले, "दिव्यांना विचारता येत नाही, शास्त्रीबुवा, की बाळ, तू नीट पोचलीस ना? इतकी वर्षं मीही विचारलं नाही."

चारबाग स्टेशनावरून त्यांची मिरजेची गाडी सुटल्यानंतरच्या एका संध्याकाळी मी मुद्दाम त्या वळणावर गेलो. मुलींचे घोळके पुस्तके छातीशी धरून, मोठमोठ्याने हसत, माझ्या बाजूने गेले. त्यातल्या कुणालाही माझ्या व्याह्यांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. मी थोडा वेळ थांबलो. शेवटचा घोळका फाटकाच्या आत गेला, पहारेकऱ्याने कडी लावली, आणि मग मी जानकीपुरमला माझ्या घराची वाट धरली.

वाचकहो, तो गजवदन तुमच्या घरादाराला सुखरूप ठेवो. तुमच्या लेकी ज्या वाटेने परततात त्या वाटेवर उजेड असो. आणि त्यांच्यापैकी कुणी एखाद्या संध्याकाळी उंबऱ्यात थबकून काही सांगू लागली, तर ते शेवटपर्यंत ऐकून घेण्याचे धैर्य तो तुम्हा सर्वांना देवो. शुभं भवतु.